पॉइंट टू-टूला स्कोप घेताना आधी अंतर विचारा

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची .२२ (पॉइंट टू-टू) बोल्ट अॅक्शन रायफल आहे. रेंजवर २५ आणि ५० मीटरवर कागदी टार्गेटवर सराव करतो, वर्षातून चार-दोनदा १०० मीटरवरही. वय पंचावन्न, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे आणि नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, आता धूसर दिसते. म्हणून स्वस्तातला एक ३-९×४० स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) बसवला, पण ग्रुप, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, एका जागी राहत नाही. आज इथे, तर उद्या तिथे. मित्र म्हणतात, एकदाच काय तो खर्च कर आणि ६-२४×५० घे. माझं बजेट बेताचं आहे. कोणता घेऊ? आणि १०० मीटरसाठी वेगळं काही करावं लागेल का?

उत्तर : ६-२४×५० घेऊ नका. (पहिले आकडे किती पट मोठं दिसतं ते, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.) मित्रांनी मनापासून सांगितलं असेल, पण तो स्कोप मोठ्या काडतुसाच्या, तीनशे-चारशे मीटरवर चालवायच्या रायफलीला शोभतो. तुमच्या कामाला २-७×३२ किंवा ३-९×३२ पुरेसा आहे, फक्त तो रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसाच्या रायफलीसाठी, बनवलेला हवा, म्हणजे त्याचा पॅरॅलॅक्स ५० यार्डांच्या आसपास लावलेला हवा. बजेट थोडं ताणता आलं, तर पॅरॅलॅक्स फिरवून जुळवता येईल असा ३-९×४० घ्या. बाकी सगळे आकडे विचारण्याआधी हा एक आकडा विचारा, कारण खोक्यावर तो सगळ्यात बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

पॅरॅलॅक्स म्हणजे काय ते नीट पाहू, कारण तुमची निम्मी तक्रार बहुधा त्यातच आहे. स्कोपचं पुढचं भिंग आत टार्गेटची प्रतिमा तयार करतं. ती प्रतिमा बरोबर क्रॉसच्या, म्हणजे नेम धरायच्या फुलीच्या, पातळीत पडली, तर डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी क्रॉस टार्गेटवरून हलत नाही. ती पुढे-मागे पडली, की डोळ्याबरोबर क्रॉसही सरकतो. खिडकीच्या गजातून समोरचं झाड पाहताना डोकं हलवलं की गज झाडावरून सरकताना दिसतो, तसंच हे. रायफल जागची हललेली नसते, पण तुम्ही सरकलेला क्रॉस पुन्हा मध्यावर आणता आणि गोळी बाजूला जाते.

ही प्रतिमा एकाच अंतरासाठी अचूक बसवता येते. सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या, रायफलींच्या स्कोपमध्ये ते अंतर बहुतेक १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर असतं, काहींत १५०. रिमफायरच्या स्कोपमध्ये ते ५० किंवा ६० यार्ड असतं. व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर टू २-७×३२ रिमफायर ५० यार्डांवर लावलेला येतो, ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम २-७×३३ रिमफायर ६० यार्डांवर. हे दोन नमुन्यादाखल सांगितले. त्याच जातीचा दुसरा कुठलाही चालेल.

चूक किती होऊ शकते, त्याचा हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा अर्धा व्यास घ्या. टार्गेटचं अंतर आणि पॅरॅलॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने त्याला गुणा आणि पॅरॅलॅक्सच्या अंतराने भागा. डोळा अगदी कडेला गेला तर जास्तीत जास्त तेवढी चूक. तुमचा सध्याचा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १०० यार्डांवर लावलेला असेल, आणि तसाच असण्याची शक्यता जास्त, तर ५० मीटरवर ही चूक ९ मिलिमीटर येते आणि २५ मीटरवर साडेचौदा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे हात स्थिर, श्वास बरोबर, ट्रिगर मऊ, सगळं जमलं आणि फक्त गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकला, तरी दहा हुकतो. मित्रांचा ५० मिलिमीटरवाला १०० यार्डांवर लावलेला निघाला, तर २५ मीटरवर १८ मिलिमीटरपर्यंत चूक होते. तेच ३२ मिलिमीटरचं भिंग आणि ५० यार्डांचा पॅरॅलॅक्स असेल, तर ५० मीटरवर दीड मिलिमीटर आणि २५ मीटरवर ७. लहान भिंगाचा हा फायदा फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

खोक्यावर ‘रिमफायर’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. आधी डोळ्याजवळची कडी फिरवून क्रॉस तुमच्या नजरेला स्वच्छ करून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे, सूर्य टाळून, दोन सेकंद पाहायचं, नजर काढायची, कडी थोडी फिरवायची, पुन्हा पाहायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला चुकीची जागाही बरोबर वाटते. मग नुसता स्कोप दोन जाड पुस्तकांमध्ये किंवा वाळूच्या पिशवीत घट्ट बसवा आणि ५० मीटरवरच्या एखाद्या बारीक खुणेवर क्रॉस आणा. खांबावरचा नटबोल्टही चालेल. आता स्कोपला हात न लावता डोळा सावकाश डावी-उजवीकडे न्या, कडेला काळी चंद्रकोर दिसू लागेपर्यंत, मग वर-खाली. क्रॉस नटावर चिकटून राहिला तर स्कोप तुमच्या कामाचा. नटाच्या रुंदीभर सरकला, तर नाही.

पुढच्या भिंगाची कडी फिरवून किंवा बाजूच्या चाकाने पॅरॅलॅक्स जुळवायची सोय असेल, तर २५, ५० आणि १०० मीटर तिन्ही सुटतात. एअरगनसाठी बनवलेले असे स्कोप .२२ वर उत्तम चालतात, कारण ते १०-१५ मीटरपर्यंत खाली येतात. स्वस्त स्कोपमध्ये मात्र कडीवर छापलेले आकडे क्वचितच खरे असतात. ‘५०’ वर आणून मोकळे होऊ नका. डोळा हलवून क्रॉस स्थिर राहतो ती जागा शोधा आणि तिथे कडीवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. तुमच्या तीन अंतरांचे तीन ठिपके पुरेत.

(पॅरॅलॅक्स कायम लावलेल्या काही स्कोपमध्ये पुढचं भिंग एका आट्याच्या कडीने धरलेलं असतं, ते थोडं बाहेर काढलं की पॅरॅलॅक्स जवळच्या अंतरावर येतो. जमतं, पण आत भरलेला नायट्रोजन निघून जातो, भिंगावर धुकं धरू शकतं आणि वॉरंटी संपते. तुमचा जुना स्कोप फेकायचाच ठरला, तर त्याच्यावर करून पाहा. नव्यावर नको.)

फेकण्याआधी त्याच्यावरचा आरोप खरा आहे का, ते पाहू. ग्रुप फिरण्याची दोन रूपं असतात. पाच गोळ्यांचा ग्रुपच पसरट येत असेल, तर काडतूस, नेमबाजाची बैठक, दस्त्याचे ढिले स्क्रू आणि पॅरॅलॅक्स यांच्यावर संशय घ्या. ग्रुप दाट येतो, पण दर वेळी वेगळ्या जागी, तर माउंट, म्हणजे स्कोप रायफलीला धरणाऱ्या रिंग, सरकतोय किंवा स्कोपची आतली नळी जागा धरत नाही. यांतलं कोणतं, ते पेन्सिलीने कळतं. रिंग आणि स्कोपची नळी यांवरून एक बारीक रेघ, रिंग आणि खालची पट्टी यांवरून दुसरी. पन्नास गोळ्यांनंतर भिंगातून पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर दोष माउंटचा आणि तुमचे स्कोपचे पैसे वाचले. रेघा जुळलेल्या आणि ग्रुप तरी भटकतोय, तर स्कोप आतून ढिला आहे. तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

टरेट, म्हणजे क्रॉस सरकवायची गोल बटणं, अगदी टोकाला नेऊन झिरो केला (नेम आणि गोळी एका जागी जुळवली) असेल, तरी हेच होतं. आतली नळी एका स्प्रिंगवर दाबलेली असते आणि टोकाला गेल्यावर त्या स्प्रिंगचा दाब सगळीकडून सारखा राहत नाही. तुमचे टरेट एकूण किती क्लिक फिरतात, ते मोजा आणि झिरो मध्यापासून किती दूर आहे ते पाहा. तीन चतुर्थांश प्रवास एका बाजूला खर्च झाला असेल, तर माउंट वाकडा बसलाय, तो सरळ करा.

आता झूम. .२२ च्या गोळीचं भोक ५.६ मिलिमीटरचं. चांगल्या उजेडात पांढऱ्या कागदावर ते ५० मीटरवरून ९ पटीत दिसतं, काळ्या भागातलं नीट दिसत नाही, आणि ते पाहायला २४ पटींचा स्कोप घेण्यापेक्षा साधी दुर्बीण बरी. नेम धरायला २५ मीटरवर ४ पट आणि ५० मीटरवर ७ पट भरपूर झाली. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. मग माणूस क्रॉस मध्यावर येईल त्या क्षणी ट्रिगर ओढू पाहतो आणि गोळी झटक्यात जाते. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५० ला २४ ने भागलं तर जेमतेम २ मिलिमीटर. डोळा केसभर हलला की चित्र काळं. ३२ ला ७ ने भागलं तर साडेचार मिलिमीटर, आणि दिवसाउजेडी बाहुली २ ते ४ मिलिमीटर उघडी असते, म्हणजे काही कमी पडत नाही. बेताच्या किमतीत २४ पट देणारा कारखाना काटछाट भिंगांत आणि आतल्या सरकत्या भागांतच करतो.

क्रॉस साधा डुप्लेक्स घ्या, कडेला जाड आणि मध्ये बारीक. गोळीच्या उतारासाठी खाली खुणा असलेला क्रॉस आकर्षक दिसतो, पण त्या खुणा एकाच वेगाच्या गोळीला आणि बहुतेक स्कोपमध्ये पूर्ण झूमवरच लागू पडतात. क्रॉसमध्ये लाल दिवा नको. स्वस्त स्कोपमध्ये त्याच पैशांचं भिंग चांगलं मिळतं. भिंगांवरचा लेप ‘फुली मल्टिकोटेड’ असावा. नळी १ इंची की ३० मिलिमीटरची, याने तुम्हाला काही फरक पडत नाही. पाऊण इंची नळीचे ४×१५, ४×२० असे बारके स्कोप मात्र घेऊ नका. त्यांतून अंधुक दिसतं, आणि डोळा नेमक्या जागी नसेल तर तेवढंही दिसत नाही.

पैसे देण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहता येतात. स्कोप घट्ट बसवून क्रॉस एका बिंदूवर आणा आणि झूमची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. क्रॉस बिंदूवरून सरकला, तर ३ पटीत केलेला झिरो ९ पटीत राहणार नाही. मग २५ मीटरवर आलेखाचा कागद लावून टरेट ४० क्लिक उजवीकडे फिरवा. पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ मीटरवर १.८ मिलिमीटरची, म्हणजे क्रॉस कागदावर ७३ मिलिमीटर सरकायला हवा. ४० क्लिक परत आणल्यावर तो होता तिथेच यायला हवा. ७० किंवा ७६ आला तर सोसण्यासारखं आहे. परत जागेवर न येणं सोसण्यासारखं नाही.

तुमच्या चष्म्यासाठी डोळा आणि स्कोप यांतलं अंतर ८० मिलिमीटर किंवा जास्त मिळेल असा घ्या. .२२ चा धक्का नगण्य, त्यामुळे भुवईला लागायची भीती नाही, पण चष्म्याची काच भिंगाला टेकली की ओरखडे पडतात. प्रोग्रेसिव्हची लांबच्या नजरेची जागा काचेच्या वरच्या भागात असते. पालथं झोपून नेम धरताना मान वाकते आणि तुम्ही आपोआप त्याच भागातून पाहता. बसून नेम धरताना मात्र मध्यातून पाहिलं जातं आणि क्रॉस धूसर होतो. कडी क्रॉसला जुळवताना ज्या बैठकीत गोळ्या झाडता, त्याच बैठकीत बसा.

बजेटमधला एक वाटा माउंटसाठी वेगळा ठेवा. रिमफायर रायफलींच्या अंगावर बहुतेकदा कोरलेली खाच असते, आणि ती दोन मापांत येते, ११ मिलिमीटर आणि ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ. दोन्हींचे रिंग दिसायला सारखे. एकाचा दुसऱ्यावर चढवला तर कधी अर्धवट पकडतो आणि पन्नास गोळ्यांत सरकतो. व्हर्नियरने मोजून घ्या. तुमच्या रायफलीवर पट्टी असेल, तर तिचे दोन प्रकार असतात: पिकॅटिनीची आडवी खाच ५.२ मिलिमीटरची आणि वीव्हरची ४.६ असते. वीव्हरचा रिंग पिकॅटिनीवर बसतो, उलट बसेलच असं नाही. उंची होता होईल तेवढी कमी. पुढचं भिंग नळीपासून २-३ मिलिमीटर वर राहिलं की झालं, पण बोल्ट पूर्ण वर उचलून त्याचा दांडा स्कोपच्या मागच्या फुगीर भागाला अडत नाही ना, ते रिंग विकत घेण्याआधीच पाहा.

बसवताना रायफल रिकामी, मॅगझिन बाहेर, बोल्ट काढून बाजूला. खाच आणि रिंगची पकड स्पिरिटने पुसून तेल काढा. स्कोप रिंगमध्ये सैल ठेवा, झूम पूर्ण करा, कारण त्या वेळी डोळ्याचं अंतर सगळ्यात कमी असतं. डोळे मिटून नेहमीसारखा गाल टेकवा. डोळे उघडल्यावर पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. समोर दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा आणि रायफल सरळ धरून क्रॉसची उभी रेघ त्या दोरीला जुळवा. रिंगचे स्क्रू एकदम एकेक न आवळता आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. माउंटच्या कागदावर आकडा असेल तर तो पाळा, नसेल तर १.७ ते २ न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल, तर एलन कीचा आखूड हात दोन बोटांत धरून येईल तेवढा जोर. त्यापुढे गेलात तर नळी चेपते, झूमची कडी जड फिरते आणि टरेट अडखळतात. मग माणूस स्कोपच्या नावाने खडे फोडतो.

स्कोप माशीपेक्षा उंच असल्यामुळे गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि मान अधांतरी राहते. पॅरॅलॅक्सची चूक खरी इथून आत शिरते. १०-१२ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी दस्त्यावर कापडी टेपने गुंडाळा, गाल टेकताच डोळा मध्यावर येईल इतकी. मध्य कळायला डोकं किंचित मागे घ्या; चित्राभोवती काळं वर्तुळ दिसू लागेल. ते सगळीकडून सारख्या जाडीचं असेल, तर डोळा मध्यावर आहे. दर गोळीला हे पाहायची सवय लावलीत, तर १०० यार्डांचा जुना स्कोपसुद्धा बरा वागेल.

झिरो २५ मीटरवर सुरू करा. बोल्ट काढलेला असताना नळीतून टार्गेट मध्यावर दिसेल अशी रायफल पिशव्यांवर ठेवा आणि ती न हलवता टरेटने क्रॉस तिथे आणा. पहिली गोळी कागदावर नक्की पडते. बोल्ट परत घालून तीन गोळ्यांनी ढोबळ जुळवा आणि ५० मीटरवर जा. तिथे पाचच्या ग्रुपशिवाय टरेटला हात लावू नका; एका गोळीमागे धावलात तर दिवसभर धावाल. पाव मिनिटाची क्लिक ५० मीटरवर ३.६ मिलिमीटरची. ग्रुपचा मध्य २९ मिलिमीटर खाली आणि १८ उजवीकडे असेल, तर ८ क्लिक वर, ५ डावीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. स्वस्त स्कोपमध्ये क्लिक फिरवल्यावरची पहिली गोळी मोजू नका, स्प्रिंग जागेवर बसायला एखादा झटका लागतो.

हे सगळं एकाच काडतुसाने, शक्यतो एकाच लॉटच्या. सेकंदाला ३३० मीटरच्या स्टँडर्ड गोळीनंतर ३८० मीटरची हाय व्हेलॉसिटी लावलीत, तर ५० मीटरवर उंचीत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. ‘आज इथे, उद्या तिथे’चं हेही एक कारण असतं. कागदासाठी स्टँडर्डच बरी. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर आणि ही गोळी आधीपासूनच त्याच्या खाली असते, त्यामुळे वाटेत तो टप्पा ओलांडताना बसणारा हिसका तिला बसत नाही.

स्पर्धेचा विचार मनात असेल, तर आयएसएसएफच्या ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बिणीचे स्कोप चालत नाहीत. तिथे भोकाची मागची साइट आणि पुढची कडी असते, आणि ती पंचावन्नाव्या वर्षीही माशीपेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसते.

राहिलं १०० मीटर. वेगळा स्कोप लागत नाही. ५० मीटरवर झिरो केलेली स्टँडर्ड गोळी २५ वर सुमारे १ सेंटिमीटर वर लागते, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. १०० वर मात्र ती जवळजवळ वीतभर, २० सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते. तिथे पाव मिनिटाची क्लिक ७.३ मिलिमीटरची, म्हणून २८ क्लिक वर नेऊन सुरुवात करा, पाच गोळ्या झाडा, तुमच्या रायफलीचा नेमका आकडा काढा आणि दस्त्याच्या आत चिकटवून ठेवा. ५० यार्डांच्या स्कोपची पॅरॅलॅक्सची चूक इथे १९ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे काळ्या वर्तुळाची खूण या अंतरावर विसरू नका. टार्गेटमागे मातीचा पक्का बांध आहे का, तेही पाहा. ही छोटी गोळी दीड किलोमीटरपेक्षा पुढे जाऊ शकते. काम झालं की मोजून तेवढ्याच क्लिक खाली या आणि घरी निघण्याआधी ५० मीटरवर पाच गोळ्या झाडून झिरो जागेवर आला का ते बघून घ्या.